बारा व्होल्ट, चोवीस व्होल्ट आणि तीन रिंगा

माझ्या काउंटरवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असतो. झाकण उघडलं की आत पिना. बारीक पिन, जाडी पिन, चपटी रुंद पिन, दोन्ही बाजूंना दात असलेली पिन. आता यांतली एकही कुणाला लागत नाही. नवरा दर दिवाळीच्या साफसफाईला विचारतो, "हें आतां उडोवया?" मी म्हणते, "आधी तुमचे जुने चष्मे टाकून द्या." मग वर्षभर तो विषय निघत नाही.

मी मोबाइलचे चार्जर विकते. विकते म्हणजे नुसते हातावर ठेवत नाही. फोन बघते, गाडी बघते, आणि मग सांगते की हा चालेल, हा चालणार नाही, आणि हा चालेल पण पावसाळा काढणार नाही. लोकांना वाटतं, यात काय मोठं? भोकात पिन गेली की झालं. पिन बसली म्हणजे चार्जर बसला असं नाही, हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की माझा मुलगा ते माझ्या आवाजात करून दाखवतो.

मी मूळची पार्सेची. गोवा राज्य झालं त्यानंतरच्या वर्षांत आयटीआयला रेडिओ-टीव्हीच्या कोर्सला बसले. वर्गात मुलगी मी एकटी. घरी कोंकणी, शाळा मराठी आणि आयटीआयचं पुस्तक इंग्रजी. बाहेर भाषेवरून मोठी माणसं तावातावाने बोलत होती आणि मी ओट्यावर बसून रेझिस्टरवरचे रंगाचे पट्टे पाठ करत होते. लाल म्हणजे दोन, पिवळा म्हणजे चार. त्यात कुणाशी भांडण नव्हतं. मग लग्न होऊन डिचोली तालुक्यात सुर्लाला आले. घरासमोरूनच खनिजाचा रस्ता. ओट्याला लागून पत्र्याची शेड टाकली, एक मेज, बसायला एक कदेल, एक सोल्डरिंगची कांडी, आणि बसले टेप दुरुस्त करायला. सासूबाईंना वाटलं होतं, महिनाभरात हौस फिटेल.

रस्त्यावरून दिवसभर टिपर जायचे. वर खाणीवर भरायचे, खाली जेटीवर ओतायचे, परत वर. सगळं लाल. झाडं लाल, कुत्री लाल, दोरीवरचे कपडे लाल. माझ्या काउंटरवर दुपारपर्यंत बोटाने नाव लिहिता येईल इतकी माती साचायची. टिपरवरचे ड्रायव्हर बहुतेक सीमेपलीकडचे, सिंधुदुर्गातले. ते मला वयनी म्हणायचे. सुरुवातीला एखादा यायचा, आत डोकावायचा आणि विचारायचा, "भाऊ नाय?" मी म्हणायचे, "भाऊ पंचायतीत कारकून आहेत. दाखला पाहिजे असेल तर तिकडे जा. टेप बिघडला असेल तर हयच बस."

मग मोबाइल आले आणि टेपांचं काम मागे पडलं. प्रत्येक कंपनीची पिन वेगळी. एकाच कंपनीच्या दोन फोनांनाही एक पिन लागेना. त्यात गाडीतला चार्जर म्हणजे आणखी गोंधळ. तेव्हा हे एकदा नीट सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल.

मोटारीत बॅटरी असते बारा व्होल्टची. फोनला लागतात पाच. मधला चार्जर बाराचे पाच करतो. इथपर्यंत सोपं आहे. पण ट्रकला, टिपरला बारा पुरत नाहीत. तिथे बाराच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून चोवीस केलेले असतात. मोटारीचा चार्जर टिपरला लावला की तो बिचारा बाराच्या हिशेबाने शिकलेला, त्याच्या अंगावर चोवीस येऊन पडतात. कधी तो जळतो, कधी फोनला घेऊन जळतो. खोक्यावर 'बारा-चोवीस' छापलेले चार्जरही यायचे, पण छापायला काय जातं? मी तसे दोन लावून बघितले. दोन्ही भाजून निघाले.

पार्सेचे माझे एक मामा तर मोटारीचा चार्जर शेतावरच्या पंपाला लावायला निघाले होते. मी म्हटलं, मामा, तिथे दोनशेतीस आहेत. ते म्हणाले, "जास्त असलो तर बरोच मगो, बेगीन जातलो." म्हणजे लवकर चार्ज होईल. त्यांना पंपापासून दूर ठेवण्यात माझी एक आख्खी सुटी गेली.

नारायण माझ्याकडे आला तो याच काळात. दोडामार्गाच्या पलीकडच्या गावातला, तिशीच्या आतला, उंच, किडकिडीत. टिपरवरून उतरला की आधी चेहरा पुसायचा आणि मग बोलायचा. त्याने खिशातून फोन काढून मेजावर ठेवला. बारीक पिनेचा साधा फोन, पाठीमागचं झाकण रबराने बांधलेलं.

"वयनी, ह्यो गाडयेत चार्ज होयत असा कायतरी करा."

"खोलीत करत नाहीस?"

"खोलयेत आमी आठ जण आणि बटण एक. लायट असता तेवा आमी खाणीवर. आमी खोलयेत येतंव तेवा लायट गेलेली."

मी म्हटलं, मग संध्याकाळी माझ्याकडे ठेवून जा, सकाळी ने. तो तिथेच घुटमळला. दिवसभर चालू राहिला पाहिजे, म्हणाला, सकाळी पाचपासून. मग हळूहळू सगळं सांगितलं. त्याची बायको वैशाली गावी होती, तिच्या आईबरोबर. दोघांनी रिंगांचं ठरवून घेतलं होतं. फोन एकदा वाजवायचा आणि तोडायचा, बोलायचं नाही. गाडी जेटीवर रिकामी झाली की हा एक रिंग द्यायचा. म्हणजे मी बरा आहे. दिवसाला पाच-सहा खेपा, तितक्या रिंगा. तिकडून रिंग आली तर एक म्हणजे मीही बरी आहे. आणि दोन म्हणजे निघून ये.

ही रिंगांची पद्धत तेव्हा सगळ्याच ड्रायव्हरांत होती. बॅलन्स जपायचा हे खरंच, पण टिपरच्या आवाजात बोललेलं कळायचंही नाही. प्रत्येक घराचं गणित वेगळं. एकाच्या घरी तीन रिंगा म्हणजे येताना मासे आण, असं होतं.

"दिवस भरत इले तिचे?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. मग रस्त्याकडे बघत म्हणाला, "ह्याच्या आदी दोनदा गेला, वयनी. दोनय वेळां मी हयच होतंय आणि फोन मेललो. माका कळला तो दुसऱ्या दिसा. ह्या वेळाक फोन मरूक नको."

त्यानंतर मी त्याला चार्जर विकून मोकळी झाले असते तरच नवल. खरं तर सरळ रस्ता होता. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर म्हणून एक डबी मिळते. म्हापशाहून मागवायची तर आठवडा लागला असता. पण माझ्या डोक्यात दुसरी युक्ती आली होती, आणि ती मला कधीची करून बघायची होती. दोन बॅटऱ्या आहेत ना? मग त्यांतल्या एकीवरूनच तार काढायची, टॅप म्हणतात तो. तिथे आयते बारा मिळतात. मोटारीचा कुठलाही चार्जर चालतो. मी नारायणच्या टिपरला टॅप काढला, वायर आत केबिनमध्ये घेतली, मोटारीत असतं तसं सॉकेट बसवलं आणि चार्जर लावला. फोनवर चार्जिंगच्या काड्या चढायला लागल्या. नारायण बघतच राहिला. आजूबाजूला चार ड्रायव्हर जमले होते, त्यांतला एक म्हणाला, "वयनीन टिपराची मोटार केल्यान!" खोटं कशाला सांगू, मला फार आवडलं ते.

महिन्याभरात असे बारा टिपर झाले. सासूबाई पाववाल्या पोदेराकडून उंडे घेताना त्यालासुद्धा सांगायला लागल्या की आमच्या सुनेकडे तालुक्यातून लोक येतात.

आता यातली मेख सांगते. आयटीआयत हे शिकवलेलं होतं, मला ठाऊक होतं. दोन बॅटऱ्या जोडीने काम करत असल्या की दोघींवर भार सारखा पाहिजे. एकीवरूनच काढत राहिलं तर ती उपाशी राहते, आणि इंजिन चालू असताना दुसरीला जास्त मिळतं. एक खंगते, दुसरी उकळते. फोनचा चार्जर तेवढा असता तर फारसं काही झालं नसतं. पण थोड्या दिवसांनी नारायण आला आणि म्हणाला, वयनी, केबिनीत खूप गरम होता, ह्यो बाराचो फॅन ह्याच तारेवर बसात काय? मी बसवून दिला. मग तो टेप घेऊन आला. गाण्याचा त्याला नाद होता, आवाजही बरा होता. टेपही मीच जोडून दिला, त्याच तारेवर. "एवढंच हां, आणखी काही लावू नको," एवढं तरी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. सगळं चालत होतं आणि तो खूश होता. टिपर घरासमोरून जाताना आधी गाणं ऐकू यायचं, मागून गाडी.

गाडीच्या मालकाने नारायणला सांगून ठेवलं होतं, तो दिवस आला की रिकामी गाडी घेऊन सरळ गावाला जा, मी काही म्हणणार नाही. मालक सुर्लाचाच, तोंडाने तिखट पण मनाचा वाईट नव्हता. म्हणजे सगळी तयारी झाली होती. फोन जिवंत होता, गाडी होती, परवानगी होती.

आणि तो दिवस आला. दुपारची वेळ. नारायण जेटीवरून रिकामा आला होता, माझ्या शेडशेजारी फणसाच्या झाडाखाली गाडी लावून, टेप चालू ठेवून डबा खात होता. मी आत एका फोनचं झाकण काढत होते. एकदम गाणं बंद झालं आणि तो धावत आला. हात उष्टा, डाव्या हातात फोन.

"वयनी, दोन रिंगा! दोन इल्यो!"

"मग बघतोस काय? निघ!"

तो गाडीवर चढला. चावी फिरवली. टक् झालं. परत फिरवली, टक्. तिसऱ्यांदा टक्सुद्धा झालं नाही. मी मीटर घेऊन गेले. पहिली बॅटरी, बारा आणि वर काहीतरी. दुसरी, जिच्यावरून मी टॅप काढला होता ती, दहासुद्धा नाही. मीटरची टोकं मी तशीच धरून ठेवली. मला कळलं होतं. त्या घटकेला सगळ्या सुर्लात ते एकट्या मलाच कळलेलं होतं.

अर्धा तास आम्ही धडपड केली. टर्मिनल घासले, गरम पाणी ओतलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवून बघितलं, पण बॅटरीला बॅटरी जोडायची जाड तार कुणाकडे नव्हती. दुसरी बॅटरी आणायची तर ज्यांच्याकडे जास्तीची होती ते सगळे वर खाणीवर रांगेत. बस दीड तासाने. नारायण पायरीवर बसून नुसता फोनकडे बघत होता, आणि फोनवर चार्जिंगच्या काड्या पूर्ण भरलेल्या होत्या. ते माझ्याने बघवेना. मी शेडचा पडदा ओढला, सासूबाईंना ओरडून सांगितलं आणि स्कूटर काढली.

"बस मागे."

"तुमी? वयनी, रस्तो बेकार आसा. मी चलवतंय."

"तुझं सगळं लक्ष फोनवर. बस म्हणते ना."

दहा चाकं चालवणारा माणूस माझ्या स्कूटरवर मागे जीव मुठीत धरून बसला होता. टिपर अंगावरून गेला की डोळे मातीने भरायचे. डिचोली मागे पडली, रस्ता जरा रिकामा झाला, दोन्हीकडे काजूच्या बागा. मी सारखं मनात म्हणत होते, आता सांग. आता सांग त्याला की ती बॅटरी तू मारलीस. पण मागून त्याचं पुटपुटणं ऐकू येत होतं, देवाचं नाव घेत होता, आणि अशा माणसाला मध्येच थांबवून आपलं पाप कसं सांगायचं?

सीमेच्या अलीकडे फोन वाजला. एकदा वाजला, तुटला. परत वाजला, तुटला. मी स्कूटर बाजूला घेतली. परत वाजला. आणि तुटला.

"तीन," नारायण म्हणाला. "वयनी, तीन म्हणजे काय?"

"तुम्ही काय ठरवलं होतं?"

"तीनाचा कायच ठरवक नाय!"

त्याने फोन लावला. लागेना. फोनवर रेंजची एकच काडी येत-जात होती, तीही गेली होती. रस्ता तिथून खाली उतरतो, तिथे अजूनही रेंज जाते. तो माझ्याकडे असा बघत होता की जसं काही तीनचा अर्थ माझ्या पिनांच्या डब्यात असेल. मी म्हटलं, चांगलंच असेल. म्हटलं खरं, पण पुढचा सगळा रस्ता मी तीन-तीन म्हणत स्कूटर हाकली.

दोडामार्गच्या दवाखान्यात पोचलो. व्हरांड्यात वैशालीची आई उभी होती. तिने जावयाला बघितलं आणि पदर तोंडाला लावला. नारायण तिथेच थांबला, पुढे पाऊल टाकेना. म्हातारीच्या लक्षात आलं तेव्हा ती घाईघाईने म्हणाली, "अरे, बरा आसा! चेडू झाला! जा भितूर, जा!"

वैशालीला मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. बारीक अंगाची, थकलेली, आणि उशाशी फोन. कुशीत मुलगी. नारायणने तिला पहिला प्रश्न काय केला असेल? "तीन रिंगा कित्याक दिलंस गो? माझो जीव गेलो!"

ती म्हणाली, "दोन दिवन तुमी येवक नाय. म्हटला, आता आमी तीन झालव, तर तीन देवया."

मी व्हरांड्यात येऊन बसले आणि खूप रडले. म्हातारीला वाटलं, मी त्यांचीच कुणीतरी आहे. तिने मला पाणी आणून दिलं.

इथे ही आठवण संपवता आली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मालक माझ्या शेडवर आला. नवीन बॅटरी घालून गाडी सुरू करून घेतली होती त्याने. कदेलीवर बसला आणि विचारलं, "बाये, तुका ह्यांतलें कळटा. बॅटरी कित्याक मेली?"

मी सोल्डरिंगची कांडी पुसत होते. म्हटलं, "त्याच्यावर टेप चालायचा, फॅन चालायचा."

यातला शब्द न् शब्द खरा होता. ते दोन्ही जोडले कुणी, एवढंच मी सांगितलं नाही. मालक म्हणाला, "म्हणजे भुरग्याचो नाद!" आणि पोराच्या नादालाच दोष देत उठून गेला. उरलेल्या अकरा गाड्यांवर माझी पत होती, सासूबाई पोदेराला सांगत होत्या, आणि वर्गातली एकटी मुलगी चुकली असं मला ऐकायचं नव्हतं. कारण विचाराल तर एवढंच. आता लिहिताना किती लहान दिसतं ते.

बारशानंतर नारायण परत आला तेव्हा गाडी दुसऱ्याच्या हातात होती. मालकाने नादिष्ट माणूस नको म्हणून सांगितलं. नारायण पिशवी खांद्याला लावून माझ्याकडे आला, पेढे घेऊन; आता लांब पल्ल्याच्या ट्रकवर चालला होता, महिनोन्महिने घर नाही. मला वाटलं, आता हा विचारणार. तो म्हणाला, "चुकी माझीच, वयनी. टेपाची हौस नडली. तुमी होतास म्हणान मी वेळार पोचलंय." आणि पेढा पुढे केला.

तो पेढा मी खाल्ला.

त्या आठवड्यात मी कन्व्हर्टर मागवले आणि अकराही गाड्यांचे टॅप काढून टाकले. ड्रायव्हरांना म्हटलं, नवीन पद्धत आली आहे. कुणाकडून काही घेतलं नाही. ते म्हणायचे, वयनी म्हणजे देवमाणूस. मी खाली बघून स्क्रू पिळायचे.

पुढे खाणी बंद पडल्या. ज्या रस्त्याला आम्ही वर्षानुवर्षं शिव्या दिल्या तो एकदम गप्प झाला. झाडं हळूहळू हिरवी झाली आणि माझ्या शेडवर कुणी थांबेना. तेव्हा धारगळला हमरस्त्यावर माझ्या भावाची जागा होती तिथे काउंटर हलवलं. आता इथे मोटारी येतात, टॅक्सीवाले, फिरायला आलेले लोक. पिनांचा घोळ जवळजवळ मिटला, बहुतेकांना एकच लागते. पण लोकांचा प्रश्न तोच. पिन बसते, मग चार्ज का होत नाही? आताचे चार्जर आणि फोन आधी एकमेकांशी बोलून घेतात. फोन सांगतो मला किती झेपेल, चार्जर सांगतो माझ्याकडे किती आहे. दोघांचं जमलं तर जोरात देवाणघेवाण, नाही जमलं तर आपलं थेंब-थेंब. हे मी गिऱ्हाइकांना समजावून सांगते आणि मग उगाच पिनांचा डबा पुसत बसते.

गेल्या वर्षी चतुर्थीच्या आधी एक पांढरी मोटार थांबली. ड्रायव्हर उतरला, केस पिकलेले, उंच. माझ्याकडे न बघता फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "चार्जिंगक लावलंय तरी टक्के वाडत नाय, उलटे कमी होतत." मी म्हटलं, "तुम्ही नकाशा लावून ठेवत असाल. फोन खातो जास्त, जुना चार्जर देतो कमी. पिन बसली म्हणजे..."

त्याने मान वर केली. "वयनी!"

वैशाली मागच्या सीटवरून उतरली. आणि एक मुलगी, आईपेक्षा उंच, कानात गाण्याची वायर. सायली, नारायण म्हणाला, ही ती. मी तिच्याकडे बघत राहिले. तिने वाकून नमस्कार केला, मला तो घेववेना. नारायण आता टॅक्सी चालवतो, गाडी स्वतःची. मी चार्जर निवडला आणि नेहमीप्रमाणे स्वतः लावून बघायला गाडीत वाकले. सॉकेटच्या वर, जिथे टेप असतो तिथे, नुसता पुठ्ठा कापून बसवलेला होता.

"टेप नाही लावलास?"

नारायण हसला. "टेप नको, वयनी. एकदा टेपान जन्माची अद्दल घडवल्यान."

सायली म्हणाली, "बाबा गाडयेत गाणी लावूकच देत नाय. घरातसुद्धा गायत नाय. आजी सांगता, आदी गायत होते."

मी गाडीतून बाहेर आले. हातात चार्जर तसाच. म्हटलं, आज नाही तर कधीच नाही. आणि सांगितलं. टॅप एका बॅटरीवरून काढला होता. ते चुकीचं आहे हे मला माहीत होतं. फॅन मी जोडला, टेप मी जोडला. मालकाने विचारलं तेव्हा मी तुझ्यावर जाऊ दिलं. तुझी गाडी माझ्यामुळे गेली. टेपामुळे नाही, नारायण.

हमरस्त्यावरून दोन बस गेल्या. नारायणच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. वैशालीच तेवढी बोलली, अगदी हळू. "इतकी वर्सां ते माका सांगतत, माझ्या हौसेपायी तुका एकटा ऱ्हवचा लागला."

मी म्हटलं, "माझं चुकलं." दुसरं काय म्हणणार? नारायणने माझ्या हातातला चार्जर घेतला, काउंटरवरचा फोन खिशात घातला आणि गाडीत जाऊन बसला. दोघी त्याच्या मागून गेल्या. गाडी बांद्याच्या दिशेने गेली. त्याने मागे वळून बघितलं नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटलं नाही.

त्या दिवशी पुढे आलेल्या दोन गिऱ्हाइकांना मी चुकीचे चार्जर दिले. दोघेही परत आले, ते बरं झालं.

दिवेलागणीला मी काउंटरवर उदबत्ती लावत होते. फोन वाजला. दुकानाच्या पाटीवर नंबर आहे, गिऱ्हाइकांचे फोन येतात, म्हणून हात पुसून उचलायला गेले तर तुटला. अनोळखी नंबर. ठेवते न ठेवते तोच परत वाजला आणि तुटला. दोन. मी उदबत्ती तशीच हातात धरून उभी राहिले. वाजेल का, वाजेल का, असं झालं. किती वेळ गेला कोण जाणे, फार नसेल.

तिसऱ्यांदा वाजला. आणि तुटला.

मी उदबत्ती खोचून कदेलीवर बसले. तेवढ्यात परत वाजला, आणि या वेळी तुटेना. वाजतच राहिला. मी उचलला, हॅलो म्हटलं. पलीकडून गाडी चालल्याचा आवाज येत होता, बहुधा पोरीने आपल्या फोनवर लावलेलं गाणं येत होतं, आणि त्या गाण्याच्या मागून, जरा चाचपडत, मधला शब्द विसरून परत पकडत, नारायण गात होता.